कामुरोचोचा नकाशा हातात घेऊन काबुकिचो फिरायचं आहे: कुठून सुरुवात करू?

सेव्हपॉइंट_सदू

याकुझा या सेगाच्या व्हिडिओगेम मालिकेतले झीरो, दोन्ही किवामी आणि लाइक अ ड्रॅगन हे भाग पूर्ण करून झालेत. नोव्हेंबरच्या मध्यावर पाच दिवस टोकियो आणि शेवटी एक रात्र ओसाका, असं ठरलंय. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं झालंय, त्यामुळे त्याबद्दल विचारत नाही. अडलंय ते इथे:

गेममधलं कामुरोचो म्हणजे टोकियोतल्या शिंजुकुमधलं काबुकिचो ही रात्रीची करमणूकवस्ती, एवढं ठाऊक आहे. पण गेममधला नकाशा खऱ्या रस्त्यांवर कितपत बसतो? कोणता रस्ता म्हणजे कोणता? गेममधला मिलेनियम टॉवर नेमका कुठला? रात्री फिरताना काय सांभाळायचं? सोबत बहीण आहे. ती शाकाहारी आहे आणि गेमशी तिचा काही संबंध नाही, त्यामुळे तिला चार तास गल्ल्यांतून फरपटत नेता येणार नाही. योकोहामा (लाइक अ ड्रॅगनमधलं इजिनचो) आणि शेनम्यू या दुसऱ्या गेमचं योकोसुका एकाच दिवसात होईल का?

"जा, मजा येईल" छापाचे प्रतिसाद नकोत, कृपया.

निऑनवाला

दुकानं शोधत बसू नका, रस्ते पकडा. पहिला गेम ८ डिसेंबर २००५ ला प्लेस्टेशन २ वर आला, तेव्हापासून काबुकिचोतली अर्धीअधिक दर्शनी दुकानं बदलली आहेत. रस्त्यांचा सांगाडा मात्र तोच आहे. गेमचा नकाशा उत्तर वर धरूनच काढलेला आहे, तेव्हा फोनवरचा नकाशाही उत्तर वर ठेवा. चालताना तो आपोआप फिरायला लागला की सगळी जुळवाजुळव बिघडते.

दक्षिणेची कड म्हणजे यासुकुनी-दोरी (दोरी म्हणजे रस्ता), गेममधली शोवा स्ट्रीट. तिच्या उत्तर फुटपाथवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलात की डाव्या हाताला एकामागून एक तोंडं लागतात. पहिलं लाल कमानीचं काबुकिचो इचिबानगाई, म्हणजेच तेनकाइची स्ट्रीट. पुढे सेंट्रल रोड (गेममध्ये नाकामिची), मग साकुरा-दोरी (पिंक स्ट्रीट), आणि शेवटी वॉर्ड ऑफिसचा रुंद रस्ता कुयाकुशो-दोरी, म्हणजे सेनर्यो अव्हेन्यू. वर आडवी जाते ती हानामिची-दोरी. एवढी सहा नावं पाठ केलीत तर फोन खिशात ठेवूनही फिरता येईल. सेंट्रल रोडच्या तोंडाशी ‘दोन किहोते’ नावाचं मोठं दुकान आहे, आणि गेममध्येही ते खऱ्या नावानेच आहे. अंदाज चुकला तर तिथे परत या आणि पुन्हा मोजायला लागा.

गेममधला थिएटर स्क्वेअर म्हणजे सिनेसिटी स्क्वेअर. इथे बरेच जण गोंधळतात. चौकाच्या पूर्वेला शिंजुकु कोमा थिएटर होतं, ते २००८ च्या अखेरीस बंद झालं. त्या जागी २०१५ मध्ये तोहो बिल्डिंग उभी राहिली, तीच गॉडझिलाचं डोकं असलेली. त्यामुळे झीरोमधलं १९८८ चं वातावरण मनात धरून गेलात तर चौक अनोळखी वाटेल. गॉडझिला सेंट्रल रोडवर उभं राहून सरळ समोर दिसतो, त्यासाठी वर जायची गरज नाही.

मिलेनियम टॉवर प्रत्यक्षात नाही. चौकापलीकडचा उंच काबुकिचो टॉवर दाखवून "हाच तो" म्हणणारे भेटतील. पण तो १४ एप्रिल २०२३ ला उघडला (४८ मजले, २२५ मीटर) आणि गेममधला टॉवर त्याच्या सतरा-अठरा वर्षं आधीचा. म्हणजे इथे शहराने गेमची नक्कल केली असं गमतीने म्हणता येईल, एवढंच.

गेममधलं चॅम्पियन डिस्ट्रिक्ट म्हणजे गोल्डन गाई ही बारवस्ती. कुयाकुशो-दोरी ओलांडून पूर्वेला गेलं की झाडांतून वळत जाणारी एक पायवाट लागते, शिकी-नो-मिची. हा जुन्या ट्रामचा मार्ग, म्हणून ती अशी लांब वळण घेत जाते. तिच्या पलीकडे सहा अरुंद गल्ल्या आणि त्यांत दोनशेहून जास्त बार. अंतराच्या बाबतीत गेमने जेवढी काटछाट केली आहे तेवढीच इथल्या गल्ल्यांबाबत इमानदारी ठेवली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला खांदा तिरका करावा लागतो.

आता काय बसत नाही ते. हानामिचीच्या उत्तरेचा भाग (काबुकिचो २-चोमे) गेममध्ये दाबून लहान केला आहे. प्रत्यक्षात तो बराच वर, शोकुआन-दोरीपर्यंत जातो. होस्ट क्लब (जिथे बायकांना सोबत करायला पुरुष बसतात असे बार) आणि लव्ह हॉटेलं बहुतेक तिकडेच. गेममधल्या वेस्ट पार्कचा मूळ आधार म्हणजे तिथलं ओकुबो पार्क. त्याच्या खाली पर्गेटरी (गेममधला भूमिगत अड्डा) वगैरे काही नाही, आणि संध्याकाळनंतर त्या कुंपणाभोवती देहविक्रयासाठी थांबलेल्या बायका, गिऱ्हाइकं आणि पोलीस असतात. तिथे कॅमेरा काढू नका. पार्क बघायचंच असेल तर दुपारी बघून घ्या.

गेममधल्या क्लब सेगा या आर्केडची पाटी शोधू नका. सेगाने आर्केडचा धंदा विकला आणि २०२२ पासून त्या पाट्यांवर गिगो हे नाव आलं. इमारत तीच असली तरी नाव ते नाही.

स्टेशन: शिंजुकुची दोनशेच्या आसपास तोंडं आहेत, त्यातलं ईस्ट एक्झिट धरा. चुकून वेस्टला बाहेर पडलात तर वळसा घालू नका. २०२० पासून आतून पूर्व-पश्चिम पादचारी मार्ग मोकळा आहे, तिकीट न लावता पलीकडे जाता येतं. ईस्ट एक्झिटपासून कमान चालत सहा-सात मिनिटं. पाऊस असेल तर यासुकुनी-दोरीच्या खालून सबनेड नावाचं भुयारी मार्केट जातं, त्यातून थेट काबुकिचोच्या बाजूला वर या.

बिल_आधी_विचारा

सदू, नकाशाचं वर आलंच आहे, मी पैशांचं सांगतो.

कमानीतून आत शिरलात की लाउडस्पीकरवर जपानीत एक सूचना सतत चालू असते. तिचा मतलब: दलालाच्या मागे जाऊ नका. गेममध्ये हे लोक दोन गुद्द्यांत आडवे होतात, इथे आडवं होतं ते तुमचं पाकीट. पद्धत ठरलेली आहे. "एक तास, तीन हजार येन, हवं तेवढं प्या" म्हणून नेतात. आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. त्यावर टेबल चार्ज, सर्व्हिस चार्ज, बर्फ आणि पाण्याचे वेगळे पैसे, शेजारी बसलेल्या मुलीचं ड्रिंक, वीकएंडचा अधिभार, आणि बिल दहापट. शब्द आहे बोत्ताकुरी. दलाल गोड बोलला, इंग्रजी बोलला, हिंदी बोलला तरी उत्तर एकच: न थांबता, न बघता पुढे. "नो थँक्यू" म्हणून थांबलात की संभाषण सुरू झालं. बहीण सोबत असेल तर त्रास बराच कमी होतो, ते लोक मुख्यतः एकट्यादुकट्या पुरुषांना हेरतात.

दुसरा सापळा सापळ्यासारखा दिसतही नाही. झगमगत्या पिवळ्या-गुलाबी पाट्यांवर "मोफत माहिती केंद्र" असं जपानीत लिहिलेलं असतं, आणि भाषांतराचं ॲप तसंच वाचून दाखवतं. पर्यटक नकाशा मागायला आत जातात. ते पर्यटन केंद्र नव्हे. कॅबरे क्लब आणि तत्सम ठिकाणी गिऱ्हाइक पाठवणारं ते दुकान आहे.

गोल्डन गाईत फसवणूक फारशी नसते, पण नियम न वाचल्याने अपमान होतो. दार उघडण्याआधी दारावरचा कागद वाचा. त्यावर बसण्याचं शुल्क लिहिलेलं असतं, साधारण पाचशे ते हजार येन माणशी, कुठे जास्त. ड्रिंक त्याच्या वर. ते शुल्क म्हणजे लूट नव्हे, सहा खुर्च्यांचं दुकान चालवण्याचा तो हिशेब आहे. काही दारांवर "फक्त सभासद" असतं, तिथे ढकलून बघू नका. माणशी निदान एक ड्रिंक घ्यावं लागतं. एकच घेऊन तासभर बसणं वाईट दिसतं. दोघं असाल तर जागा मिळेल, चौघांना अवघड. रोख ठेवा, सुट्या हजाराच्या नोटा. सातच्या आधी गेलात तर बरीच दारं बंद दिसतील. त्या गल्ल्यांत छायाचित्रणावर बंधनं आहेत, पाट्या लावलेल्या आहेत. बारच्या आत तर विचारल्याशिवाय फोन वर करूच नका.

काही झालंच तर कोबान (पोलीस चौकी) काबुकिचोतच आहे, आणि पोलिसांचा नंबर ११०. बिलावरून वाद झाला तर एटीएमपर्यंत "सोबत" येऊ देऊ नका. चौकीत जाऊन बोलू म्हणा.

सेव्हपॉइंट_सदू

हे माहिती केंद्राचं अजिबात ठाऊक नव्हतं. फोटोबद्दल कोणी सांगेल का? फोनवरच काढणार. आणि दिवसा जावं की रात्री?

पन्नास_हर्ट्झ

दोन्ही. पण दोन वेगळ्या फेऱ्या, प्रत्येकी तासाभराच्या.

पहिली सकाळी सात-साडेसातला. रस्ता रिकामा, पाट्या विझलेल्या, कचऱ्याच्या पिशव्या आणि कावळे. गेमसारखं काही दिसणार नाही, पण कोणती गल्ली कुठे निघते हे याच वेळी कळतं. आणि बहिणीला झोपू द्या.

दुसरी सूर्यास्ताच्या वेळी. नोव्हेंबरच्या मध्यात टोकियोत सूर्य साडेचारलाच मावळतो, आपल्या हिशेबाने हे फार लवकर आहे आणि लोक इथेच चुकतात. सात वाजता पोचलात तर आकाश काळंठिक्कर आणि पाट्या जळालेल्या पांढऱ्या येतात. पावणेपाच ते सव्वापाच या अर्ध्या तासात आकाश निळं असतं आणि दिवे लागलेले असतात. कमानीसाठी यासुकुनी-दोरीच्या दक्षिण फुटपाथवर उभे राहा, सिग्नलला गाड्या थांबल्या की घ्या. लाल दिव्यांमुळे फोनचा अंदाज फसतो. कमानीवर बोट ठेवून उजेड एक ते दीड स्टॉप खाली ओढा, नाहीतर अक्षरं वितळल्यासारखी दिसतील.

व्हिडिओत पाट्यांवरून आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण वीज. टोकियोकडे ५० हर्ट्झ आहे, आपल्याकडे आहे तशीच. ओसाकाकडे मात्र ६० हर्ट्झ. म्हणून टोकियोत शटर १/५० किंवा १/१००, दोतोनबोरीला १/६० किंवा १/१२०. काही फोनमध्ये "अँटी-फ्लिकर" अशी वेगळी सेटिंग असते, ओसाकाला पोचल्यावर ती ६० वर न्या. मोठ्या एलईडी पडद्यांची लुकलुक वेगळ्याच गतीने चालते, तिथे शटर थोडं मागेपुढे करून बघावं लागतं.

होस्ट क्लबच्या फलकांवरचे चेहरे ठीक, रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे नकोत. ट्रायपॉड आणूच नका.

आणखी एक, चार्जरबद्दल. तिथे १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचं सॉकेट असतं. फोनचा चार्जर बहुधा चालतो (त्यावर १००–२४० लिहिलंय का ते बघा), फक्त आपल्या गोल पिनांसाठी ॲडॉप्टर लागेल.

डोबुइटा८६

काबुकिचोला एक संध्याकाळ पुरे. जागा गेमसारखी वाटावी असं हवं असेल तर योकोसुका. निऑनवाला यांना हे पटणार नाही.

शेनम्यू २९ डिसेंबर १९९९ ला ड्रीमकास्टवर आला, कथानक १९८६ च्या नोव्हेंबरअखेरीस सुरू होतं. म्हणजे तुम्ही जवळजवळ त्याच दिवसांत जाताय. डोबुइटा स्ट्रीट खऱ्या नावानेच गेममध्ये आहे. पूर्वी रस्त्यातून गटार वाहायचं आणि त्यावर लोखंडी पत्रे टाकले होते, त्यावरून हे नाव. शेजारीच अमेरिकी नौदलाचा तळ असल्याने बार, बर्गर आणि भरतकामाची सॅटिन जाकिटं यांची गर्दी. त्या जाकिटांना सुकाजान म्हणतात, आणि हे अमेरिकी खलाशांसाठी शिवल्या जाणाऱ्या आठवणवस्तूंतून वाढलेलं काम आहे. पाठीवरचा वाघ किंवा ड्रॅगन जवळून बघा, टाका दाट आणि उलट बाजूने अस्तर स्वच्छ असेल तर काम चांगलं. स्वस्त माल हाताला कडक लागतो.

जाण्याचं: शिनागावाहून केइक्यू लाइन. सर्वांत जलद गाडी (काइतोकु) योकोसुका-चुओला सुमारे पाऊण तासात पोचते, पण ती शिओइरीला थांबत नाही. डोबुइटा शिओइरीच्या तोंडाशी आहे. बहुतेकांची गाडी इथेच पुढे निघून जाते. घाबरू नका, योकोसुका-चुओला उतरून दहाएक मिनिटं मागे चाला, रस्त्याचं दुसरं टोक लागतं. घरं, देऊळ, यामानोसे (गेममधली नायकाच्या घराजवळची वस्ती) असं जसंच्या तसं सापडणार नाही. तो भाग आसपासच्या वस्त्यांवरून रचलेला आहे, आणि तिथे लोक राहतात, कुंपणातून डोकावू नका. बहिणीसाठी: शिओइरीजवळचं व्हर्नी पार्क. समोर बंदरात उभ्या युद्धनौका दिसतात, बाकं आहेत, गर्दी नाही.

योकोहामा त्याच दिवशी होतं, पण क्रम उलटा करू नका. सकाळी थेट योकोसुका, दुपारी परत फिरताना योकोहामा. इजिनचो संध्याकाळचंच आहे. काइतोकुने कामिओओकापर्यंत या, तिथे साध्या गाडीत बदला आणि कोगानेचो किंवा हिनोदेचोला उतरा. इसेझाकीचोचा पादचारी बाजार किलोमीटरभराहून जास्त लांबीचा आहे, तो गेममधल्या मुख्य रस्त्याचा आधार. ओओका नदी ओलांडून नोगे, म्हणजे गेममधली बारवस्ती. नदीकाठाने वळत गेलेली दुमजली इमारत दिसेल, मियाकोबाशी. १९६४ च्या ऑलिंपिकच्या वेळी फुटपाथवरच्या टपऱ्या उचलून त्यांच्यासाठी बांधलेली. पलीकडच्या काठावरून बघा, वळण तिथूनच कळतं. गेममधलं जिन्नाई स्टेशन म्हणजे कान्नाई, आणि हामाकिता पार्क म्हणजे समुद्राकाठचं यामाशिता पार्क. पाय दुखत असतील तर पार्क सोडा.

निऑनवाला

डोबुइटा८६, पटलं नाही हे बरोबर ओळखलंत. डोबुइटा छान आहे, पण संध्याकाळी लवकर शांत होतं आणि शेनम्यू न खेळलेल्या माणसाला तो एक साधा बाजारच. सदूंनी शेनम्यू खेळल्याचं लिहिलेलंही नाही. खेळले नसतील तर योकोसुकाची अर्धी सकाळ नोगेला द्या.

आणि ओसाका राहिलं. गेममधलं सोतेनबोरी म्हणजे दोतोनबोरीचा कालवा आणि त्याचे दोन्ही काठ. दक्षिणेला खाण्याची गर्दी, उत्तरेला सोएमोनचो, जिथे झीरोमधल्या ग्रँड कॅबरेसारख्या जगाचा माग लागतो. कानी दोराकु या खाणावळीच्या पाटीवरचा हलणारा खेकडा गेममध्येही खरा आणि इथेही खरा. गेमपेक्षा कालवा अरुंद वाटेल. पाण्यालगतच्या पायवाटेवर उतरून बघा, पुलावर थांबू नका, तिथे फोटोवाल्यांच्या कोपरांखेरीज काही मिळत नाही.

कांदेपोहे_शिनओकुबो

शाकाहाराचं कोणी बोललं नाही, म्हणून.

काबुकिचोत जे "फक्त भाजीचं" दिसतं त्यात बहुतेक वेळा दाशी असते, म्हणजे सुक्या माशाचं पाणी. उदोन, सोबा, मिसो सूप, भाज्यांची उकड, सगळ्यात. "मांस नाही ना?" विचारलं तर प्रामाणिकपणे "नाही" म्हणतील, कारण मासा म्हणजे मांस असं तिथे धरत नाहीत. विचारायचं असेल तर "दाशी आहे का, कात्सुओ (तो मासा) आहे का" असं नाव घेऊन विचारा. कोन्बिनीतल्या (छोट्या किराणा दुकानातल्या) उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाच्या, ओनिगिरीतही (भाताच्या गोळ्यातही) मासा असू शकतो, कॅमेरा-भाषांतराने मागची बारीक अक्षरं वाचा.

सोपा उपाय काबुकिचोच्या डोक्यावरच आहे. शोकुआन-दोरी ओलांडून चालत पंधरा मिनिटांत शिन-ओकुबो. स्टेशनाजवळ इस्लाम योकोचो नावाची गल्ली आहे, डाळी, मसाले, पिठं विकणारी दुकानं, आणि आसपास पुष्कळ नेपाळी खाणावळी. डाळ-भात-भाजी मागताना चिकन वगळायला सांगा, चालतं. म्हणजे बहिणीला एक तास इथे बसवून तुम्ही चॅम्पियन डिस्ट्रिक्ट उरकू शकता, की ती मसाले न्याहाळत बसेल आणि तुम्हालाच बोलवायला यावं लागेल, ते तिच्यावर. दोन-तीन दिवसांनी घरच्यासारखं जेवण हवंच झालं तर तोझाई लाइनने निशि-कासाई. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे, मराठी कानावर पडेल.

सेव्हपॉइंट_सदू

शेनम्यू पहिला खेळलोय, दुसरा अर्धवट. तेव्हा योकोसुका राहील, नोगे संध्याकाळी. एक शेवटचं: पर्सोना ५ या गेमचं शिबुया आणि योनगेन-जाया मधल्या दिवशी कोंबावं का?

पन्नास_हर्ट्झ

अर्धा दिवस द्या, जास्त नको. योनगेन-जाया म्हणजे सानगेनजाया. "तीन चहाची दुकानं" या नावातल्या तीनचे गेमने चार केले. शिबुयाहून देन-एन-तोशी लाइनने दुसरं स्टेशन, पाच मिनिटं. गेममधल्या लेब्लांकसारखं हुबेहूब कॅफे शोधू नका. महामार्ग २४६ आणि सेतागाया-दोरी यांच्या बेचक्यातला त्रिकोणी भाग फिरा. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उरलेल्या या बोळांत गेमचा पोत आहे. रस्त्यापलीकडे कॅरट टॉवर, २६ व्या मजल्यावरून शहर फुकट बघता येतं. बहिणीला ते आवडेल.

शिबुया मात्र गेम आला (२०१६) त्यानंतर उलटंपालटं झालंय. हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यासमोरचा हिरवा रेल्वेडबा २०२० मध्ये अकिता प्रांतातल्या ओदातेला नेला, तिथे आता नाही. त्याच वर्षी गिंझा लाइनचा फलाटही हलला. जुन्या फोटोंवरून वाट काढू नका, स्टेशनातले सध्याचे बाण बघा. सेंटर-गाई ही बाजारगल्ली तीच आहे. पण संध्याकाळी सहा ते पहाटे पाच स्टेशनाभोवतीच्या रस्त्यांवर दारू पिण्यास २०२४ पासून मनाई आहे, कोन्बिनीतून कॅन घेतलात तर तो हॉटेलवरच उघडा.